सगळ्या रेजेक्सना सरसकट 'आय' फ्लॅग लावावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुस्तकांच्या दुकानाची साइट मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेली. डेटा तोच, रेजेक्स (मजकूर शोधायचे पॅटर्न) त्याच, तरी शोधाचे निकाल कमी झाले. मग सगळ्या पॅटर्नना आय फ्लॅग, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा फरक पाहू नको असे सांगणारी खूण, लावला. पुस्तके परत आली, पण शोध रेंगाळायला लागला आणि नको ती पुस्तकेही मध्ये घुसू लागली. शिवाय लोक कोणत्या शोधांतून साइटवर येतात ते दाखवणाऱ्या गूगल सर्च कन्सोलमध्ये दुकानाचे नाव कॅपिटल अक्षराने लिहून रेजेक्स फिल्टर लावला, तर एकही ओळ आली नाही. तेव्हा सगळीकडे आय लावून मोकळे व्हावे का, असे तुम्ही विचारले आहे.

लावू नका. आय फ्लॅग वाईट आहे म्हणून मी हे सांगत नाही. तुमच्या चार तक्रारींची कारणे चार वेगळ्या ठिकाणी आहेत आणि फ्लॅग त्यातल्या एकाच ठिकाणी काम करतो. कॅपिटल-स्मॉलचा निर्णय पॅटर्नमध्ये होऊ शकतो, डेटाबेसच्या कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना कशी करायची त्या नियमांत) होऊ शकतो, इंडेक्स बांधताना होऊ शकतो, किंवा मजकूर साठवतानाच झालेला असतो. तो कुठे झाला ते आधी शोधायचे, मगच औषध.

खाली पॅटर्न मी तोंडी सांगतो तसे लिहिले आहेत, शेजारच्या सहकाऱ्याला फोनवर सांगावेत तसे. 'बॅकस्लॅश कॅपिटल डी' म्हटले की तुम्हाला समजेलच.

सुरुवात हरवलेल्या पुस्तकांपासून करू. तुमच्या जुन्या पॅटर्नमध्ये केसबद्दल, म्हणजे कॅपिटल-स्मॉलबद्दल, एक अक्षरही लिहिलेले नव्हते, कारण तिथे त्याची गरजच नव्हती. मायएसक्यूएलमध्ये रेजेक्सचा ऑपरेटर कॉलमच्या कोलेशनप्रमाणे वागतो. कोलेशनच्या नावाच्या शेवटी 'सीआय' असेल तर कॅपिटल आणि स्मॉल एकच. आठव्या आवृत्तीपासूनचे डीफॉल्ट कोलेशन सीआय आहे, आणि त्याआधीचे स्वीडिश नावाचे डीफॉल्टही सीआयच होते. म्हणजे कोणी मुद्दाम बदलले नसेल तर मायएसक्यूएलमध्ये वाढलेल्या माणसाला रेजेक्स केसकडे दुर्लक्ष करतात असेच वाटत राहते. पोस्टग्रेसमध्ये याच्या उलट आहे. तिथे ~ हा ऑपरेटर केस पाळतो, ~* पाळत नाही, आणि लाइक हा साधा शोधाचा ऑपरेटरही केस पाळतो, त्यासाठी आयलाइक वेगळा आहे. स्थलांतर करताना ज्याने जुन्या ऑपरेटरच्या जागी ~ लिहिले, त्याने नकळत नियम बदलला. ओरॅकलमध्ये हीच गोष्ट सेशनच्या सॉर्टिंग सेटिंगवर अवलंबून असते, त्यामुळे तिथे एकाच क्वेरीचे दोन लोकांना दोन निकाल येऊ शकतात. एसक्यूएलाइटमध्ये लाइक केस पाळत नाही, पण ही सवलत फक्त साध्या इंग्रजी अक्षरांपुरती. फ्रेंच किंवा जर्मन खुणांची अक्षरे आली की तो डीफॉल्टमध्ये लगेच काटेकोर होतो.

तुमची जुनी साइट मायएसक्यूएलच्या कोणत्या आवृत्तीवर होती ते नक्की पाहा. ८.०.४ पूर्वी तिथले रेजेक्स इंजिन अक्षरे पाहत नसे, बाइट पाहत असे. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. 'क' आणि 'ख' यांचे पहिले दोन बाइट सारखेच, फरक तिसऱ्यात. त्यामुळे चौकोनी कंसात [कख] लिहिले की इंजिनाच्या लेखी त्या कंसात ते सामाईक बाइटही आले, आणि मग जवळजवळ कोणतेही देवनागरी अक्षर त्यात बसले. जुन्या साइटवर मराठी शोध 'सैल पण बरा' वाटत असेल, तर त्या सैलपणातला काही भाग या चुकीतून आलेला असू शकतो. म्हणून जुन्या निकालांची संख्या हे प्रमाण मानू नका. नवीन संख्या कमी आली म्हणजे नवीन चुकीचे, असे नसते.

आता शोध का रेंगाळला ते. साधा बी-ट्री इंडेक्स म्हणजे शब्दकोशासारखी लावलेली यादी. सुरुवातीचे शब्द नक्की माहीत असतील तर थेट त्या पानावर जाता येते. केस सोडून दिली की तीच पाच अक्षरे बत्तीस प्रकारे लिहिता येतात आणि ती यादीत ठिकठिकाणी विखुरलेली असतात. पोस्टग्रेस अशा वेळी बी-ट्री वापरतच नाही. केस नसलेल्या चिन्हाने, म्हणजे उदाहरणार्थ अंकाने, पॅटर्न सुरू होत असेल तेवढाच अपवाद. बाकी सगळे टेबल वरून खालपर्यंत वाचले जाते. मोंगोडीबी या डेटाबेसमध्येही साधारण हेच आहे, आणि तिथे एक जादा खाच आहे: केस न पाळणारे कोलेशन देऊन इंडेक्स बांधला तरी रेजेक्स त्या कोलेशनकडे पाहत नाही. इंडेक्स केला, आता वेग येईल, म्हणून वाट पाहणारे मी बरेच पाहिले आहेत.

पोस्टग्रेसमध्ये यावर दोन चांगले रस्ते आहेत. शोध नेहमी शब्दाच्या सुरुवातीपासून होणार असेल तर लोअर केलेल्या, म्हणजे सगळी अक्षरे स्मॉल केलेल्या, शीर्षकावर एक्स्प्रेशन इंडेक्स बांधा, आणि डेटाबेसचे लोकेल (भाषेचे सेटिंग) 'सी' नसेल तर टेक्स्ट-पॅटर्न प्रकारचा ऑपरेटर क्लास द्यायला विसरू नका, नाहीतर इंडेक्स नुसता पडून राहील. शोध कुठेही मध्ये लागायला हवा असेल तर ट्रायग्राम एक्स्टेन्शनचा जिन इंडेक्स, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवर बांधलेला. तो ~* ला आणि आयलाइकला दोघांनाही मदत करतो. मात्र पॅटर्नमधून त्याला किमान तीन सलग अक्षरे काढता आली पाहिजेत. दोन अक्षरांच्या शोधाला तो फारसा उपयोगी पडत नाही. आणि डेटाबेसचे लोकेल 'सी' असेल तर लोअर हे फंक्शन फक्त साध्या इंग्रजी अक्षरांवर चालते, हेही तपासा.

नको ती पुस्तके का आली याचे उत्तर इंग्रजी भाषेतच आहे. देवनागरी वाचणाऱ्या आपल्याला कॅपिटल हे सजावटीसारखे वाटते, पण इंग्रजीत ते कधीकधी अर्थच ठरवते. जागतिक आरोग्य संघटनेचे लघुरूप आणि 'कोण' या अर्थाचा इंग्रजी शब्द, दोघांची तीन अक्षरे तीच. 'आयटी' आणि 'ते' या अर्थाचा शब्द, अमेरिकेचे लघुरूप आणि 'आम्हाला' हा शब्द, हीच गत. लघुरूपांच्या पॅटर्नला आय लावला की तुम्ही माहिती पुसता आणि मग शोधाला ती परत द्यायला सांगता. अशा दहा-वीस शब्दांची यादी वेगळी ठेवा आणि त्यांच्यासाठी केस पाळणारा शोध मूळ शीर्षकावर चालवा.

याच जातीची पण जास्त लपलेली चूक म्हणजे निषेधाचा कंस. 'ए ते झेड सोडून काहीही' असा कंस स्मॉल अक्षरांत लिहिला आणि वर आय लावला, की कॅपिटलही सोडली जातात. पासवर्डात एक तरी कॅपिटल हवे, ही तपासणी आय फ्लॅगखाली चालवली तर कोणत्याही स्मॉल अक्षरावर ती पास होते. हे सगळे पॅटर्न एका समाईक फंक्शनमधून जात असतील आणि त्या फंक्शनने 'सोयीसाठी' फ्लॅग लावलेला असेल, तर पॅटर्न कितीही वाचला तरी चूक दिसणार नाही.

फ्लॅग टाळण्यासाठी काही जण कंसात 'कॅपिटल ए ते स्मॉल झेड' अशी एकच पट्टी लिहितात. हे तुमच्या कोडमध्ये असेल तर आजच काढा. आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात कॅपिटल ए ६५ वर आहे, कॅपिटल झेड ९० वर, आणि स्मॉल ए ९७ वर. मधल्या ९१ ते ९६ या सहा जागांवर दोन्ही चौकोनी कंस, बॅकस्लॅश, टोपीचे चिन्ह, अंडरस्कोअर आणि बॅकटिक बसले आहेत. तुमच्या पट्टीत तेही आले. ही फट अपघाताची नाही. १९६३ च्या पहिल्या आस्कीत स्मॉल अक्षरे नव्हतीच, ती १९६७ च्या आवृत्तीत आली, आणि कॅपिटलपासून बरोबर ३२ अंतरावर ठेवली गेली, म्हणजे एकच बिट फिरवून केस बदलता यावी. यंत्राला सोयीची मांडणी होती, तुमच्या पट्टीला नव्हे. त्याच कुळातली दुसरी खोड ग्रेप या शोध-कमांडची: लोकेल बदलले की 'स्मॉल ए ते स्मॉल झेड' या पट्टीचा अर्थही बदलू शकतो, कारण पॉसिक्स या प्रमाणाच्या नियमाप्रमाणे सी लोकेलबाहेर पट्टी म्हणजे काय हे ठरलेलेच नाही. स्क्रिप्टमध्ये लोकेल सी करून ठेवा किंवा नाव असलेले वर्ग वापरा.

आता ती चूक, जिच्यासाठी खरे तर मी हे एवढे सविस्तर लिहायला बसलो.

काही वर्षांपूर्वी एका ग्रंथसूचीचे काम माझ्याकडे होते. वर्णनाच्या मजकुरातून आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) शोधून त्याला दुवा जोडायचा होता. पॅटर्न सोपा होता: आयएसबीएन ही अक्षरे, मग बॅकस्लॅश कॅपिटल डी आणि तारा, म्हणजे अंक नसलेले काहीही कितीही वेळा, आणि पुढे अंक. केसची कटकट नको म्हणून आमच्यातल्या एकाने मजकूर लोअरकेस केला. तोवर ठीक होते. मग 'दोन्ही बाजू सारख्या हव्यात' म्हणून त्याने पॅटर्नही लोअरकेस केला. तिथे घात झाला. बॅकस्लॅश कॅपिटल डी म्हणजे अंक सोडून काहीही, बॅकस्लॅश स्मॉल डी म्हणजे अंकच. एका क्षणात अर्थ उलटला. आता पॅटर्न म्हणत होता: आयएसबीएन, लगेच अंक. मध्ये विसर्गचिन्ह (:) किंवा मोकळी जागा असलेली प्रत्येक नोंद सुटली, चिकटून लिहिलेल्या तेवढ्या सापडत राहिल्या. काहीतरी सापडत होते, म्हणून कोणालाच शंका आली नाही. एररही नाही. ते बदल मी स्वतः तपासून मंजूर केले होते, आणि ते लक्षात यायला आम्हाला महिने लागले. दुवा नसलेल्या नोंदी आम्ही नंतर हाताने तपासल्या.

रेजेक्समध्ये केस ही दोन वेगळी कामे करते. मजकुरातल्या अक्षरांची केस वेगळी आणि पॅटर्नच्या व्याकरणाची केस वेगळी. कॅपिटल एस म्हणजे मोकळी जागा नसलेले काही, कॅपिटल डब्ल्यू म्हणजे शब्दाचे अक्षर नसलेले काही, कॅपिटल बी म्हणजे शब्दाची सीमा नसलेली जागा. पायथनमध्ये नाव दिलेल्या गटाचा कॅपिटल पी स्मॉल झाला तर निदान एरर तरी येते. बाकीच्या बदलांत एरर येत नाही, अर्थ तेवढा उलटतो. म्हणून मजकूर हवा तर लोअर करा, पॅटर्न कधीही करू नका. पॅटर्नला फक्त फ्लॅग लावा. आणि ग्राहकाने टाइप केलेला साधा शब्द तुम्ही पॅटर्न म्हणून वापरत असाल, तर आधी तो एस्केप करा, म्हणजे त्यातल्या चिन्हांचा रेजेक्समधला खास अर्थ काढून टाका. तो पॅटर्न नाही, शब्द आहे.

आयएसबीएनचा विषय निघालाच आहे तर तुमच्या दुकानातला एक खरा दोष सांगतो, तो बहुतेक तुमच्याकडे असेलच. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन १३ अंकी झाला. त्याआधीची पुस्तके दहा अंकी, भारतातली बरीच ८१ ने सुरू होणारी. या दहा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीचा असतो, तो ११ च्या हिशेबाने काढतात, आणि बाकी दहा आली तर तिथे रोमन दहा म्हणजे एक्स लिहितात. साधारण अकरातल्या एका पुस्तकावर हा एक्स येतो. छापताना तो कॅपिटल असतो, पण ग्राहक फोनवरून टाइप करताना स्मॉल लिहितो. 'नऊ अंक आणि शेवटी अंक किंवा कॅपिटल एक्स' असा पॅटर्न असेल तर ते पुस्तक त्याला सापडत नाही. इथे पूर्ण पॅटर्नला आय लावायची गरज नाही. त्या एका कंसात कॅपिटल एक्स आणि स्मॉल एक्स दोन्ही लिहा, जुळल्यावर कॅपिटल करून साठवा, संपले. केसची सूट जिथे लागते तिथेच द्यावी, हे यातून चांगले कळते. बऱ्याच इंजिनांत गटापुरता फ्लॅगही लावता येतो: कंस, प्रश्नचिन्ह, आय, विसर्गचिन्ह आणि मग मजकूर. पायथनमध्ये हे ३.६ पासून आहे, जावास्क्रिप्टमध्ये २०२५ च्या प्रमाणात आले. मात्र विसर्गचिन्हाशिवायचा (?आय) पॅटर्नच्या मध्येच टाकू नका. पर्लच्या वंशातल्या इंजिनांत तो तिथून पुढे लागू होतो, पायथनमध्ये पूर्वी तो मागेपुढे सगळीकडे लागू होत असे आणि ३.११ पासून सरळ एरर देतो. तोच पॅटर्न, तीन वागणुकी.

आय म्हणजे नेमके कोणकोणते अक्षर कशाला जुळते, हेही सगळीकडे सारखे नाही. पायथनमध्ये युनिकोड (जगभरच्या लिप्यांच्या) मजकुरावर 'ए ते झेड' ही पट्टी आय लावून चालवली तर ५२ अक्षरांशिवाय आणखी चार जुळतात: तुर्कीचा बिंदूवाला कॅपिटल आय, तुर्कीचा बिंदूविना स्मॉल आय, जुन्या छपाईतला लांब एस, आणि केल्विन या तापमानाच्या एककाचे चिन्ह, जे हुबेहूब कॅपिटल के सारखे दिसते. जावास्क्रिप्टमध्ये यू फ्लॅग नसेल तर केल्विन के ला जुळत नाही, यू लावला की जुळतो. जावामध्ये आय फक्त आस्कीपुरता, युनिकोडसाठी दुसरा फ्लॅग लागतो. डॉटनेटमध्ये तो चालू असलेल्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे वागतो, जोपर्यंत तुम्ही भाषानिरपेक्ष पर्याय देत नाही. पुस्तकाच्या शोधात केल्विनचे चिन्ह कधी येईल, असे तुम्ही म्हणाल. शोधात नाही आले तरी कूपन कोड आणि सदस्यनाव तपासणाऱ्या पॅटर्नमध्ये येऊ शकते. तिथे 'फक्त इंग्रजी अक्षरे' म्हणून पास झालेले नाव पुढे वेगळेच नाव म्हणून साठवले जाते. तिथे आस्कीपुरते बंधन घाला.

तुर्कीचे उदाहरण मी लोकांना नेहमी देतो, कारण त्यात कोणाची चूक नाही. १९२८ मध्ये तुर्कस्तानने लॅटिन अक्षरे स्वीकारली तेव्हा बिंदूवाला आणि बिंदूविना असे दोन स्वतंत्र स्वर घेतले, आणि दोघांना आपापली कॅपिटल दिली. तिथे साध्या कॅपिटल आयचे स्मॉल म्हणजे बिंदूविना आय. सर्व्हरचे सेटिंग तुर्की असेल आणि जावामध्ये भाषा न सांगता लोअरकेस केले, तर इंग्रजी 'टायटल' हा शब्दही ओळखू येणार नाही असा होतो. जर्मनमध्ये वेगळीच अडचण: एसत्सेट या एका अक्षराचे कॅपिटल परंपरेने दोन एस. बहुतेक रेजेक्स इंजिने एका अक्षराला एकच अक्षर जोडतात, त्यामुळे आय लावूनही रस्ता या अर्थाचा जर्मन शब्द दोन एसने लिहिलेल्या रूपाला जुळत नाही. ग्रीकमध्ये सिग्माची स्मॉल रूपे दोन, शब्दाच्या शेवटी वेगळे. तुमच्याकडे परदेशी पुस्तके थोडी असतील, तर एवढे माहीत असले तरी पुरे.

सर्च कन्सोलचे उत्तर अगदी लहान आहे. तिथला रेजेक्स फिल्टर २०२१ मध्ये आला, आरई-टू इंजिनावर चालतो आणि मुळात केस पाळतो. पण अहवालात क्वेरी दिसतात त्या आधीच स्मॉल केलेल्या. ग्राहकाने कसेही टाइप केले असो, तुमच्या कॅपिटल अक्षराला जुळायला तिथे काही उरलेलेच नाही. म्हणून शून्य ओळी. क्वेरीच्या फिल्टरला स्मॉल अक्षरे लिहा किंवा सुरुवातीला (?आय) लावा. पानांच्या पत्त्यांची गोष्ट उलटी. पत्त्यातले डोमेन केस पाळत नाही, पण पुढचा रस्ता पाळतो, आणि अहवालात तो जसाच्या तसा येतो. तुमच्या जुन्या साइटचे काही पत्ते कॅपिटलने सुरू होत असतील, तर त्यांची मोजणी वेगळी पडलेली असेल. तिथे (?आय) लावून दोन्ही एकत्र पाहा, आणि जुने पत्ते नव्यांकडे कायमचे वळवा. दुकानाचे नाव लोक देवनागरीतही शोधतात, तेव्हा त्या पॅटर्नमध्ये उभी रेघ देऊन दोन्ही लिप्या घाला.

इलॅस्टिकसर्च हे शोधाचे सॉफ्टवेअर वापरायचा विचार असेल तर हीच गाठ तिथेही भेटेल. टेक्स्ट फील्डमधला मजकूर डीफॉल्ट अॅनालायझर शब्दाशब्दांत तोडून स्मॉल करून ठेवतो, पण रेजेक्स क्वेरीवर अॅनालायझर चालत नाही. कॅपिटल अक्षराचा पॅटर्न तिथे कधीच जुळणार नाही, आणि दोन शब्दांवर पसरलेला पॅटर्नही नाही. केस न पाळण्याचा पर्याय ७.१० पासून मिळतो, पण मी कीवर्ड फील्डला, म्हणजे मजकूर न तोडता ठेवणाऱ्या फील्डला, लोअरकेस नॉर्मलायझर लावणे पसंत करतो.

देवनागरीबद्दल मात्र थोडे थांबून लिहितो, कारण तुमची बहुतेक पुस्तके मराठी आहेत. देवनागरीला केस नाही. आय लावला काय, न लावला काय, 'कविता' तीच. म्हणून आपली मंडळी समजतात की ही भानगड इंग्रजीची. पण केसचा मूळ प्रश्न काय आहे? वाचणाऱ्याला एकच वाटणारी गोष्ट यंत्राला दोन वाटणे. तो आपल्याकडेही भरपूर आहे, आणि त्याला फ्लॅग नाही.

'ॲप' घ्या. पहिले अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आले.  त्याआधी लोक 'अ' वर चंद्र देऊन लिहीत आणि अजूनही कित्येक कीबोर्ड तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण कोड वेगळे, आणि युनिकोडचे नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी कोड-रूपे एक करण्याची रीत) त्यांना एक करत नाही. 'वाऱ्यावर' या शब्दातल्या अर्ध्या र चे तसेच. तो खाली टिंब असलेल्या र च्या कोडने लिहिता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा कोड देऊन लिहिता येतो. नॉर्मलायझेशन यांनाही जुळवत नाही. एकाच लेखकाचे नाव दोन कीबोर्डांवरून भरले गेले की दोन लेखक तयार होतात.

त्याच्या पुढे शुद्धलेखन. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले आणि उच्चार न होणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं' आणि 'नांव' असे छापलेले आहे, आणि सूचीकाराने प्रामाणिकपणे तसेच उतरवले आहे. आजचा वाचक 'काही' टाइप करतो. सूचीकार चुकला नाही, वाचकही चुकला नाही. पुस्तक मात्र सापडत नाही. मला हे फार लागते, कारण अशी पुस्तके पुन्हा छापली जात नाहीत, आणि शोधात न दिसणारी प्रत गोदामात असून नसल्यासारखीच.

पायथन वापरत असाल तर शब्दाच्या सीमेवर भरवसा ठेवू नका. तिथल्या अंगभूत रेजेक्समध्ये बॅकस्लॅश स्मॉल डब्ल्यू मात्रांना अक्षर मानत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना सीमा देऊन 'कव' शोधले तर ते 'कविता' या शब्दाच्या पोटात सापडते, आणि 'कवी' शोधले तर पुढे मोकळी जागा असूनही सापडत नाही, कारण इंजिनाच्या मते शब्द दीर्घ वेलांटीच्या आधीच संपलेला आहे. अंगभूत मॉड्यूलऐवजी बाहेरचे 'रेजेक्स' नावाचे मॉड्यूल घेतले तर हे सुटते. अंकांचेही लक्षात ठेवा: पायथनचा बॅकस्लॅश स्मॉल डी देवनागरी अंकांना जुळतो, आरई-टू आणि जावास्क्रिप्टचा जुळत नाही.

तर करायचे काय. मूळ शीर्षकाला हात लावू नका, ते जसे छापले तसे राहू द्या. शेजारी शोधासाठी एक दुसरा कॉलम ठेवा. पोस्टग्रेस १२ पासून जनरेटेड (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप भरले जाणारे) कॉलम मिळतात आणि १३ पासून नॉर्मलाइझ हे फंक्शन. एक फंक्शन लिहा: आधी नॉर्मलाइझ, मग लोअर, मग 'ॲ' ची दोन रूपे एक, अर्ध्या र ची दोन रूपे एक, न दिसणारे कोड बाद, अनुस्वार बाद, ह्रस्व-दीर्घ एक. क्रम महत्त्वाचा आहे: जोडणारा कोड आधी काढून टाकला तर अर्धा र ओळखताच येणार नाही. नॉर्मलाइझ केल्यावर टिंबवाला र एका कोडचा राहतो की दोन, हे निवडलेल्या रूपावर ठरते, तेही पाहून घ्या. परदेशी खुणा काढायला अनअॅक्सेंट एक्स्टेन्शन थेट वापरू नका. ते इम्यूटेबल (त्याच मजकुराला नेहमी तेच उत्तर देणारे) मानले जात नाही, म्हणून जनरेटेड कॉलमला चालत नाही. जी दहा-पंधरा अक्षरे लागतात ती स्वतः बदला.

त्या कॉलमवर ट्रायग्रामचा जिन इंडेक्स. ग्राहकाचा शब्द याच फंक्शनमधून जाऊ द्या, दुसऱ्या कशातूनही नाही, आणि नंतर एस्केप करा. ॲप्लिकेशनमध्ये वेगळे लोअरकेस आणि डेटाबेसमध्ये वेगळे, असे झाले की वरच्या सगळ्या गमती परत येतात. कर्मचाऱ्यांनी हाताने लिहिलेले पॅटर्न मात्र या फंक्शनमधून जाऊ देऊ नका, ते ~* ने चालवा. निकाल लावताना मूळ शीर्षकाशी हुबेहूब जुळणाऱ्यांना वर ठेवा, म्हणजे 'दिन' शोधणाऱ्याला 'दीन' आधी दिसणार नाही. ह्रस्व-दीर्घ एक केल्याची किंमत ही अशी चुकवावी लागते, आणि ती चुकवण्यासारखी आहे.

सगळे बदल करण्याआधी एक छोटी चाचणी-यादी कोडमध्ये कायमची ठेवा. त्यात स्मॉल एक्सने संपणारा आयएसबीएन, अंडरस्कोअर असलेला कोड, केल्विनचे चिन्ह असलेले सदस्यनाव, कॅपिटल डी असलेला पॅटर्न, दोन्ही प्रकारचा 'ॲ', दोन्ही प्रकारचे 'वाऱ्यावर', 'काही' आणि 'कांहीं', आणि आरोग्य संघटनेचे लघुरूप. ती जुन्या मायएसक्यूएलवर, आताच्या पोस्टग्रेसवर आणि नव्या कॉलमवर अशी तिन्हीकडे चालवा. त्यानंतर शून्य निकाल आलेल्या ग्राहकांच्या क्वेरींचा महिनाभराचा लॉग काढा आणि नव्या कॉलमवर पुन्हा चालवून पाहा. ज्या शब्दांना तरीही काही सापडणार नाही, त्यांची यादी पुस्तकांची माहिती भरणाऱ्या माणसासमोर ठेवा. त्यातले निम्मे शब्द त्याला कोणत्या पुस्तकासाठी टाइप केले गेले हे लगेच सांगता येईल, आणि फंक्शनमध्ये आणखी काय घालायचे ते तिथूनच ठरवा.